जादूगाराच्या घरी भांडी कोण घासतं?

फँटसी कादंबरी हातात घेतली की हल्ली मी आधी एकच गोष्ट बघते: त्या जगात स्वयंपाक, धुणी आणि आजारी माणसं कुणाच्या वाट्याला आलीत? नकाशा, ड्रॅगन, भविष्यवाणी हे सगळं नंतर. ही सवय समाजशास्त्रज्ञ मारिया मीस यांच्या ‘द लेसमेकर्स ऑफ नरसापूर’ (१९८२) या अभ्यासानं लावली. सोलापूरकरांनी तर तो वाचायलाच हवा.

नरसापूर आंध्रात, गोदावरीच्या काठी. तिथल्या बायका घरी क्रोशाची लेस विणतात, ती परदेशात विकली जाते आणि व्यापार पुरुषांच्या हाती. विणणारी मात्र सगळ्यांच्या लेखी गृहिणीच, फावल्या वेळात काहीतरी करणारी. मीस म्हणतात, हा समज आहे म्हणूनच मजुरी इतकी कमी ठेवता येते.

आता आपल्या सोलापुरातल्या विडी घरकुलात, म्हणजे विडी कामगार बायकांच्या वसाहतीत या. तेंदूची पानं भिजवायची, पत्र्याच्या मापानं कापायची, शीर काढायची, तंबाखू सारखी पसरून वळायची, तोंड मुडपायचं, दोरा बांधायचा. पान कोरडं राहिलं तर वळतानाच चिरतं. तंबाखू कमी पडली तर विडी सैल, जास्त झाली तर पान फुटतं. अशी विडी छाट, म्हणजे नापास, निघते आणि मजुरी बुडते. मजुरी हजार विड्यांमागे, म्हणजे हात थांबला की कमाई थांबली. इतकं बोटांचं कसब, तरी त्याला कुणी विद्या म्हणत नाही.

हे डोक्यात ठेवून अमेरिकन लेखिका उर्सुला ल ग्विन यांची ‘अर्थसी’ ही फँटसी मालिका वाचून बघा. १९६८च्या पहिल्या भागात रोक बेटावरच्या जादूच्या शाळेत फक्त मुलगे. बायकांची जादू दुबळी आणि दुष्ट, अशी म्हणच त्या जगात रूढ आहे. पण नायक गेडला पहिला मंत्र देते ती त्याची मावशी, गावातली चेटकीण. मंत्र शेळ्यांना बोलावण्याचा. पोटापाण्याच्या कामाचा, म्हणून खालच्या दर्जाचा!

तिसऱ्या भागानंतर १८ वर्षांनी, १९९०मध्ये ‘तेहानू’ आली आणि लेखिकेनं आपल्याच जगाची उलटतपासणी घेतली. गेडची शक्ती संपलेली. टेनार ही शेतकऱ्याची विधवा भाजलेल्या एका मुलीला सांभाळते आहे. दर्यावरून परतलेला तिचा मुलगा जेवणानंतरची आवराआवर बायकांचं काम समजतो. त्या साध्या प्रसंगात मला अख्ख्या मालिकेतल्या लढायांपेक्षा जास्त ताण जाणवला. शेवट मात्र अजिबात पटला नाही. पुस्तकभर माणसांच्या सत्तेबद्दल इतकं नेमकं बोलायचं आणि ऐनवेळी सुटकेला ड्रॅगन आणायचा?

बंगाली लेखिका बेगम रुकय्या सखावत हुसेन यांची ‘सुलतानाज ड्रीम’ ही कथा १९०५ची. तिथे पुरुष पडद्यात आणि राज्य बायकांचं, रांधणं सूर्याच्या उष्णतेवर. कचेरीचं काम बायका दोन तासांत उरकतात. पुरुषांना जास्त वेळ का लागायचा, याचा हिशेबही आहे: एक चिरूट जळायला अर्धा तास, दिवसाला बारा चिरूट, म्हणजे सहा तास धुरात. विड्यांच्या गावात हे वाचताना ओढणारा आणि वळणारी दोघंही डोळ्यांसमोर येतात. माझी हरकत एवढीच की घरकाम पुरुषांकडे गेलं तरी त्याची किंमत वाढलेली नाही. मानाची कामं कोणती, ते तसंच राहिलं.

तलवार चालवणारी नायिका असली की कादंबरी स्त्रीवादी झाली, असं सर्रास म्हटलं जातं. मला ते मान्य नाही. त्यापेक्षा गादीचा वारस कसा ठरतो ते तपासा. इतिहासकार उमा चक्रवर्ती यांनी १९९३च्या लेखात ब्राह्मणी पितृसत्तेची मांडणी केली: जातीची शुद्धता टिकवायची तर स्त्रीच्या लैंगिकतेवर पहारा लागतोच. ‘राजरक्ताचा हरवलेला वारस’ हे फँटसीचं लाडकं कथानक या मांडणीशेजारी ठेवलं की ते रक्त शुद्ध राखायला कुणाला कोंडलं होतं, हा प्रश्न टाळता येत नाही.

वाचायचंच असेल तर ‘तेहानू’पासून सुरुवात करू नका. टेनार येते ती दुसऱ्या भागात, ‘द टूम्स ऑफ अतुआन’मध्ये, आणि गेडची शक्ती का गेली ते तिसऱ्या भागात कळतं. तेवढा धीर नसेल तर ‘सुलतानाज ड्रीम’ घ्या, एका बैठकीत होते. पण मीस यांचं पुस्तक कादंबरीच्या आधी वाचा.