एका स्टारच्या रिव्ह्यूला उत्तर: कूलर, पुठ्ठा आणि आमची चूक

नमस्कार दादा. तुम्ही मराठीत लिहिलंत, म्हणून मीही मराठीतच उत्तर देतो. कॅल्गरीत आपली मंडळी वाढली आहेत, त्यांच्यातल्या ट्रकवाल्यांनाही हे वाचता येईल.

ज्यांनी रिव्ह्यू वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. दादांच्या 2008 च्या हाफ-टन पिकअपला आम्ही आमच्या गॅरेजमध्ये ऑगस्टमध्ये ट्रान्समिशनचा, म्हणजे गिअरबॉक्सचं ऑइल गार करणारा, जादा कूलर बसवला. जानेवारीत बाहेर -26 असताना पाऊण तास चालवूनही ऑइलचं तापमान 38 अंशांच्या पुढे जाईना. गिअर धक्क्यानं पडू लागले, पेट्रोल जास्त जाऊ लागलं. आम्हाला फोन केला तर उत्तर मिळालं, ‘गार आहे ना, मग चांगलंच आहे, फार वाटलं तर पुढच्या जाळीवर पुठ्ठा लावा.’ त्यांनी पुठ्ठा लावला. पुढच्याच रविवारी डोंगरापलीकडच्या गोल्डन गावाहून स्नोमोबाइलचा ट्रेलर ओढत परत येताना तेच तापमान 118 वर गेलं. दुसऱ्या एका गॅरेजनं सांगितलं की काम चुकीचं झालंय, कूलर काढून टाका. दादांना सगळे पैसे परत हवे आहेत.

आधी आमच्या पदरातलं. दोनदा फोन करूनही तुम्हाला उलटा फोन गेला नाही, ही चूक झाली. मी डिसेंबर-जानेवारीत भाचीच्या लग्नाला कोल्हापूरला होतो, पण दुकान तर उघडं होतं. माफ करा.

‘गार आहे ना, मग चांगलंच आहे’ हे फोनवर सांगणारा आमच्या दुकानातला कामाचा मुलगा नवीन आहे, पण हे वाक्य त्याचं नाही, माझं आहे. मी कोल्हापुरात ज्या मिस्त्रींच्या हाताखाली शिकलो, ते इंजिन उघडलं की पहिला थर्मोस्टॅट (तापमान बघून आपोआप उघडणारी-मिटणारी झडप) काढून पत्र्याच्या डब्यात टाकायचे. ‘आपल्याकडं याचं काय काम? गाडी गार राहिली की झालं.’ अंबा घाटात एप्रिलच्या दुपारी ते थोडंफार खपून जायचं. तीच सवय मी इथे घेऊन आलो, बोलण्यातून पोराला दिली आणि त्यानं ती तुम्हाला दिली.

-26 ला तुमच्या ट्रकची डिपस्टिक ओढून बघा. ऑइल काकवीसारखं तार धरतं. पूर्ण तापल्यावर जे पाण्यासारखं पळतं, तेच -40 ला हजारपटींहून जास्त घट्ट असतं. तुमच्या गिअरबॉक्सला ते साधारण 80 ते 95 अंशांवर हवं असतं. त्याखाली राहिलं की क्लचप्लेटना दाब वेळेवर पोचत नाही, म्हणून धक्का. शिवाय ऑइल गार आहे असं दिसल्यावर ट्रकचा कॉम्प्युटर टॉर्क कन्व्हर्टरचं (इंजिनाची ताकद ऑइलमधून गिअरबॉक्सला देणाऱ्या भागाचं) लॉकअप, म्हणजे थेट घट्ट जोडणी, उशिरा देतो. डिअरफूट हायवेवर त्याच वेगाला आरपीएम दोन-तीनशेनं जास्त दिसतात असं तुम्ही लिहिलंय, ते त्यामुळेच, आणि जादा पेट्रोलही तिथेच जातं. भरीला, आत साचलेली वाफ उडून जायलाही ऑइल नीट तापावं लागतं, ते 38 वर होत नाही. तुमची तक्रार अगदी बरोबर होती.

आता खरी चूक कुठे झाली ते सांगतो, कारण दुसऱ्या गॅरेजनं ती बरोबर पकडली, फक्त इलाज चुकीचा सांगितला. तुमच्या रेडिएटरच्या बाजूच्या डब्यात गिअरबॉक्सच्या ऑइलचा एक छोटा कूलर कंपनीचाच असतो. ऑगस्टमध्ये तुम्ही म्हणालात, तो पूर्ण वगळा, आत फुटला तर कूलंट आणि ऑइल एक होतं आणि गिअरबॉक्स जातो. भीती खोटी नाही. मी असा गुलाबी दुधासारखा फेस गिअरबॉक्सच्या तळाच्या पॅनमधून काढलेला आहे. पण तुमचा रेडिएटर 2021 मध्ये बदललेला होता, आणि तो डबा उन्हाळ्यात कूलर असला तरी हिवाळ्यात हीटर असतो. कडाक्याच्या थंडीत तिथलं पाणी उकळतं नसतं, कोमटच असतं, पण कोमट म्हणजे -26 नव्हे. तुम्ही सांगितलंत आणि आम्ही मुकाट्यानं होज (ऑइलच्या नळ्या) फिरवले. म्हणजे तुमचं सगळं ऑइल थेट जाळीमागच्या उघड्या कूलरमधून फिरत होतं, 100 च्या वेगानं अंगावर येणाऱ्या वाऱ्यात. गिऱ्हाईक म्हणालं तरी हिवाळ्याचा विचार करून ‘नको’ म्हणणं हे आमचं काम होतं. निदान थर्मोस्टॅट तरी घालायला हवा होता. नवीन ट्रकना तो बहुतेक कंपनीकडूनच येतो, तुमच्या वर्षाच्या ट्रकला बाहेरून लावावा लागतो.

पुठ्ठ्याबद्दल मात्र थोडं बोलू द्या. इथे अर्धं शहर हिवाळ्यात पुढची जाळी झाकतं, त्यात वावगं काही नाही. पण पुठ्ठ्याला हवामान कळत नाही. तुम्ही शुक्रवारी निघालात तेव्हा -26 होतं, रविवारी शिनूक (इथला हिवाळ्यातला उबदार वारा) आला आणि पारा शून्याच्या वर. गोल्डन सुमारे 800 मीटरवर आहे आणि वाटेतली किकिंग हॉर्स खिंड 1,627 वर. म्हणजे परतीचा चढ जाण्यापेक्षा कितीतरी मोठा, फील्ड गावाच्या पुढचा तर चांगलाच खडा, मागे दोन स्नोमोबाइल आणि पुढे पूर्ण झाकलेली जाळी. चढावर लॉकअप सुटलं की टॉर्क कन्व्हर्टर स्वतःच शेगडी होतो. बाहेर बर्फ असला तरी त्याला फरक पडत नाही, ऑइलची उष्णता बाहेर टाकायला वारा लागतो. पुठ्ठा लावा म्हणणाऱ्यानं ‘ट्रेलर जोडलात की आधी काढा’ हेही सांगायला हवं होतं, ते सांगितलं नाही. पण मीटरवर 105 दिसल्यावर गाडी बाजूला घेऊन तो काढणं तुमच्याही हातात होतं. तेवढा वाटा मी तुमच्याकडे ठेवतो.

गिअरबॉक्स गेला का, असं तुम्ही विचारलंय. वीसएक मिनिटं 118 राहिल्यानं गिअरबॉक्स जात नाही. ऑइलचं वय मात्र वाढतं. वर चढलेल्या दर 10 अंशांना आयुष्य निम्मं, हा आमच्या धंद्यातला ढोबळ ठोकताळा. पॅन उतरवू, रंग आणि वास बघू, पॅनमधल्या चुंबकाला काय चिकटलंय ते तुमच्यासमोर पुसून दाखवू.

कूलर काढायचा सल्ला मला पटत नाही. तुम्ही दर महिन्याला गोल्डनला जाता, आणि बर्फात चाक रुतल्यावर पुढे-मागे गिअर टाकत ट्रक झुलवता, तेव्हा तर -25 लाही ऑइल झपाट्यानं तापतं. कूलर हवाच, फक्त त्याला दार हवं. ऑइल आधी रेडिएटरच्या डब्यातून जाईल, मग थर्मोस्टॅटला. साधारण 82 अंशांपर्यंत तो ते मागच्या मागे गिअरबॉक्सला परत पाठवेल, त्यावर गेलं की कूलरकडे सोडेल. थोडंसं ऑइल तरीही कूलरमधून झिरपत राहतं, तो बिघाड नाही, मुद्दाम तसं ठेवलेलं असतं. काम बरोबर झालंय का हे तुम्हाला हातानंच कळेल: गाडी सुरू करून दहा मिनिटांनी कूलरचा होज गारच, परतीचा कोमट.

थर्मोस्टॅट, होज, ऑइल आणि मजुरी, सगळं आमच्याकडून. कूलरचे पैसे परत देणार नाही, कारण तो तुमच्या कामाचा आहे आणि त्यात काही दोष नाही. एवढं करूनही पटलं नाही तर कूलर फुकट उतरवून देईन आणि ऑगस्टची मजुरीही परत करीन.

शनिवारी -12 सांगितलंय, हे बरं झालं. सकाळी आठला या. आदल्या रात्री ब्लॉक हीटरचा (इंजिन गरम ठेवणाऱ्या विजेच्या हीटरचा) प्लग लावू नका, ट्रक अंगणातच उभा राहू द्या. मला तो गारठलेला असतानाच बघायचाय. आणि तो पुठ्ठा गाडीतच ठेवा, कूलर कुठपर्यंत झाकला जात होता ते मोजायचंय.