खुर्ची, एक नग, एक दिवस

माझ्या नावावर सध्या तीनशे प्लास्टिकच्या खुर्च्या आहेत. हात असलेल्या. त्या मी मागवल्या नव्हत्या, मांडल्या नव्हत्या आणि त्यांतल्या बहुतेक खुर्च्यांवर माझ्या सभेत कोणी बसलंही नव्हतं. पण सरकारी वहीत नोंद झाली आहे आणि खाली माझी सही आहे. चार वेळा उभं राहिल्यावर मला खुर्ची मिळाली ती ही अशी.

चार वेळा म्हणजे २००९, २०१४, २०१९ आणि २०२४. चारही वेळा विधानसभा, चारही वेळा तोच मतदारसंघ, चारही वेळा डिपॉझिट जप्त. झालेल्या वैध मतांच्या एक षष्ठांशाहून जास्त मतं मिळाली तर ते परत मिळतं म्हणे. मी परत मिळालेलं अजून पाहिलेलं नाही. पहिल्या वेळी पाच हजार होते, पुढच्या तिन्ही वेळा दहा-दहा. एकूण पस्तीस हजार. डिपॉझिट दुप्पट झालं, मतं मात्र महागाईशी अजिबात जोडलेली नाहीत. या खेपेला ४१७. नोटाला माझ्या अडीचपट पडली, आणि नोटाने एकही कोपरा सभा घेतली नव्हती.

आमचा पक्ष लहान आहे. कागदोपत्री त्याला ‘नोंदणीकृत पण मान्यता नसलेला’ म्हणतात. कोर्टात लग्न केलेल्या पण घरच्यांनी उंबरा ओलांडू न दिलेल्या जोडप्यासारखी आमची गत. मान्यता असलेल्याच्या अर्जावर एक सूचक पुरतो, आम्हाला दहा लागतात. मतदान यंत्रावर वर मान्यवर, त्यांच्याखाली आम्ही, मग अपक्ष आणि तळाला नोटा. चिन्हही दर वेळी नवं. उरलेल्यांतून उचलायचं. एकदा कपाट होतं, एकदा शिलाई मशीन. मशीनच्या वेळी एका आजींनी पत्रक नीट वाचलं, आत गेल्या आणि साडी घेऊन आल्या, फॉल-पिकोला. मी साडी घेतली. मत गेलं असतं हो! शिवून आणली बायकोने, आणि आजींनी पैसे देऊ केले तेव्हा आचारसंहितेत हे बसतं का, या विचाराने मला रात्रभर झोप नाही. जुने लोक अजून मला ‘कपाटवाले’ म्हणतात. या वेळी मी फुलकोबी होतो.

असो. खुर्च्यांकडे येतो.

उमेदवाराला खर्चाची वही ठेवावी लागते. चहापासून मांडवापर्यंत रोजचं सगळं. त्याच वेळी सरकारही तुमच्या नावाची एक वही ठेवतं, तिला छाया नोंदवही म्हणतात. त्यांचं पथक सभेला कॅमेरा घेऊन येतं आणि दिसेल त्याला दरपत्रकातला दर लावतं. मग निकालानंतर दोन्ही वह्या शेजारी ठेवतात आणि तफावत काढतात. त्यासाठी परवा मला बोलावणं आलं. खर्चाची मर्यादा ४० लाख. माझा आकडा एक्केचाळीस हजार सहाशे, डिपॉझिट धरून. मी निर्धास्त होतो.

टेबलामागचे भाऊसाहेब निवृत्तीला टेकलेले असावेत. कानावर पेन्सिल, समोर पट्टी. प्रत्येक ओळीखाली पट्टी ठेवायची, ओळ वाचायची, मग पट्टी एका ओळीने खाली. मला त्यांनी नावाने हाक मारलीच नाही.

‘‘उमेदवार, बसा. बाजारपटांगणातली सभा. तुम्ही खुर्च्या दाखवल्यात पंचवीस.’’

‘‘हो. पंचवीसच आणल्या होत्या. पावती आहे.’’

‘‘आमच्याकडे तीनशे आहेत.’’

मी हसलो. ते हसले नाहीत. त्यांनी संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला. पटांगण. मी माइकसमोर, हात वर केलेला. समोर पांढऱ्या खुर्च्यांचा समुद्र आणि त्यात बेटांसारखी माणसं. भाऊसाहेबांनी चित्र थांबवलं आणि पेन्सिलीच्या टोकाने मोजायला लागले. ‘‘एका रांगेत वीस. रांगा पंधरा. वीस पंधरं तीनशे. बरोबर?’’

‘‘भाऊसाहेब, त्या माझ्या नाहीत. संध्याकाळी सातला तिथे मोठ्या पक्षाची सभा होती. मांडववाल्याने त्यांच्या खुर्च्या दुपारीच लावून ठेवल्या. माझ्या पंचवीस बाजूला थप्पी लावलेल्या आहेत, त्या बघा डाव्या कोपऱ्यात.’’

त्यांनी डावा कोपरा मोठा करून पाहिला. ‘‘त्या बिनहाताच्या आहेत. थप्पीतल्या धरल्या नाहीत. मांडलेल्या धरल्या. मांडलेल्यांना हात आहेत.’’ मग दरपत्रकावर पट्टी सरकवत, ‘‘बिनहाताची सात, हाताची दहा. तीन हजार.’’

‘‘पण त्या त्यांच्या आहेत!’’

‘‘त्यांची सभा सातला. तुमची साडेचारला. साडेचारला तिथे बोलत कोण होतं?’’

‘‘मी.’’

‘‘झालं तर.’’

‘‘मग त्यांच्या हिशेबातून काढल्यात का?’’

‘‘का काढायच्या? सातला ते बोलत होते.’’

‘‘म्हणजे एकाच खुर्चीचं भाडं दोघांना?’’

आता मात्र ते दुखावले. त्यांनी दरपत्रक उचलून माझ्या डोळ्यांसमोर धरलं. ‘‘वाचा. खुर्ची, एक नग, एक दिवस. अर्धा दिवस असा दर आहे का कुठे?’’

नव्हता.

मी म्हटलं, माणसं तरी बघा. बाराच जण बसलेत, त्यात दोन पोलीस. बारा माणसांना तीनशे खुर्च्या कोण आणेल? त्यावर ते फार शांतपणे म्हणाले, ‘‘उमेदवार, दरपत्रकात माणूस नाही. खुर्ची आहे.’’

दरपत्रकात माणूस नाही! आमच्या तालुक्यात सभेला बसायचा दर काय, वडापाव धरून किती आणि न धरता किती, ट्रॅक्टरने आणलं तर किती, हे शाळेतलं पोर सांगेल. फक्त ज्याने लिहायचं त्याच्या कागदावर तो रकाना नाही.

त्यांनी पुन्हा चित्र चालू केलं. तिसऱ्या रांगेत एका खुर्चीखाली कुत्रं झोपलेलं होतं. माझ्या भाषणाच्या ऐन जोरात त्याने कूस बदलली. ‘‘कुत्रं धरलेलं नाही,’’ भाऊसाहेब समजुतीच्या सुरात म्हणाले. ‘‘आणि मागे स्टेजवर बॅनर गुंडाळलेला दिसतोय, तोही सोडला. उलगडलेला असता तर चौरस फुटावर लागला असता.’’ मी आभार मानले. खरंच मानले, सवयीने.

मग मी मनातल्या मनात वजाबाकी केली. तीनशेतून बारा गेले, राहिले २८८. महाराष्ट्राच्या विधानसभेत जागा तेवढ्याच. मी आख्ख्या रिकाम्या विधानसभेसमोर वीस मिनिटं पाणीप्रश्नावर बोललो होतो, आणि कोणी गोंधळ घातला नव्हता.

हा योगायोग मी भाऊसाहेबांना सांगितला. त्यांनी पट्टी एका ओळीने खाली घेतली.

विनोद जाऊ द्या. त्या सातच्या सभेला जे नेते आले ते हेलिकॉप्टरने आले. धुळीने माझी दोनशे पत्रकं उडाली, ती माझ्या वहीत खर्च म्हणून आहेतच. हेलिकॉप्टर मात्र त्यांच्या उमेदवाराच्या वहीत नाही, कारण स्टार प्रचारकाचा प्रवास कायद्याने उमेदवाराच्या खर्चात धरत नाहीत. तो पक्षाचा, आणि पक्षाच्या खर्चाला मर्यादाच नाही. मान्यताप्राप्त पक्षाला असे चाळीस स्टार नेमता येतात, आमच्यासारख्यांना वीस. आमचे जिल्ह्यात सभासद वीस भरत नाहीत. म्हणजे आकाशातून आलं ते मोफत आणि जमिनीवर चार पायांवर उभं होतं ते माझ्या नावावर. मी हे जरा आवाज चढवून बोललो. शेजारच्या टेबलावरच्या बाई डबा खायच्या थांबल्या. भाऊसाहेब म्हणाले, ‘‘हेलिकॉप्टर माझ्या टेबलाला येत नाही.’’ खोटं नव्हतं ते. त्या माणसाच्या टेबलाला जे येतं ते तो इमानाने मोजतो. म्हणूनच त्याला तिथे बसवलेलं असणार.

मी सही केली. नाही करून सांगतो कोणाला? हिशेब दिला नाही तर तीन वर्षं निवडणूक लढवायला बंदी येऊ शकते. हे घरी सांगितल्यावर बायकोचा चेहरा जो उजळला, तो आमच्या लग्नातल्या फोटोतही तसा नाही. ‘‘अहो, मग देऊच नका ना हिशेब!’’ तिला समजावलं की पुढची विधानसभा पाच वर्षांनी, बंदी आधीच संपेल. ती म्हणाली, कायदा करणाऱ्यांना तुमची काहीच कल्पना नाही.

तिच्या भावाला मात्र आहे. तमिळनाडूत मेट्टूरला के. पद्मराजन म्हणून टायर दुरुस्तीवाले गृहस्थ आहेत. १९८८पासून दोनशेहून जास्त निवडणुका लढले, सगळ्या हरले. त्यांची बातमी मेहुणे मला दर निवडणुकीला न चुकता पाठवतात, खाली हसणारी तोंडं लावून. त्यांना वाटतं मी चिडतो. मी चिडतो ते वेगळ्याच कारणाने. २०११ला पद्मराजनना मेट्टूरमध्ये ६,२७३ मतं पडली होती. सहा हजार! आणि तो माणूस म्हणे हरण्यासाठीच उभा राहतो. मी जिंकायला उभा राहतो हो. प्रत्येक वेळी. अर्ज भरायच्या आदल्या रात्री मी सत्काराच्या भाषणाची दोन वाक्यं तयार करतो, आणि हे मी आजवर बायकोलाही सांगितलेलं नाही.

मोजून झालेल्या हिशेबाची प्रत मी पक्षालाही पाठवली होती. काल रात्री जिल्हाध्यक्षांचा फोन आला. आजवर त्यांचा फोन फक्त अर्ज भरायच्या आठवड्यात येत असे. आवाज भरून आलेला.

‘‘तीनशे खुर्च्या! आणि सांगितलं नाहीत ते?’’

मी सगळं सांगू लागलो. मांडववाला, सातची सभा, थप्पी, हात. ते ऐकत नव्हते. त्यांनी वर कळवूनही टाकलं होतं : उपस्थिती तीनशे, सरकारी आकडा. पक्ष स्थापन झाल्यापासून जिल्ह्यातली सगळ्यात मोठी सभा.

‘‘२०२९ला पण तुम्हीच,’’ ते म्हणाले. ‘‘दुसऱ्या नावाचा विचारच नाही.’’

मी विचारलं, डिपॉझिटचं पक्ष काही बघणार आहे का, आणि या तीन हजारांचं.

तेव्हापासून त्यांना रेंज नाही.