तेहरानच्या वाद्यवृंदाला ‘देखावा’ म्हणण्याआधी

सध्या एक मजकूर सगळीकडे फिरतोय. त्याचं म्हणणं असं: इस्लाममध्ये संगीत निषिद्ध, म्हणून इराणला सिंफनी ऑर्केस्ट्राची, म्हणजे पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताच्या मोठ्या वाद्यवृंदाची, परंपराच नव्हती, होतं नव्हतं ते 1979च्या इस्लामी क्रांतीने संपवलं, आणि 2015 मध्ये तेहरान सिंफनी ऑर्केस्ट्रा पुन्हा उभा केला तो इराणच्या अणुकार्यक्रमावर बड्या देशांशी झालेल्या अणुकराराच्या वेळी, पाश्चात्त्यांना दाखवायला.

परंपरा नव्हती? इराणचा राजा नासिरुद्दीन शहाच्या दरबारात 1868 साली आल्फ्रेड लमेर हा फ्रेंच संगीतशिक्षक आला आणि लष्करी बँडसाठी इराणी मुलं तयार करू लागला. तेहरान सिंफनी 1930च्या दशकातली. आणि मुस्लिमबहुल देशांत हे संगीत रुजतच नाही म्हणणाऱ्या मुंबईकराने एकदा एनसीपीएत, म्हणजे मुंबईतल्याच कलाकेंद्रात, जाऊन यावं. 2006 साली तिथे सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया उभा राहिला, त्यात मुस्लिमबहुल कझाकस्तानच्या मरात बिसेनगालियेव या व्हायोलिनवादकाचा मोठा वाटा आहे.

क्रांतीनंतर, 1979च्या जुलैत, क्रांतीचे नेते खोमेनींनी रेडिओ-टीव्हीवरचं संगीत बंद करायला लावलं, हे खरं. आजही तिथल्या सरकारी टीव्हीवर वाद्य दाखवत नाहीत: व्हायोलिन ऐकू येतं आणि पडद्यावर फुलं नाहीतर धबधबा. पण तेहरानचं रुदकी सभागृह राहिलं, फक्त त्याचं नाव ‘वहदत’ झालं. 2010च्या जानेवारीत तर सरकारनेच हा वाद्यवृंद युरोपच्या दौऱ्यावर पाठवला. त्यांना संगीत नकोच होतं असं नाही, ते स्वतःच्या मुठीत हवं होतं. 2012च्या सुमारास तो बंद पडला तेव्हाही फतवा निघाला नव्हता. पैसाच नव्हता.

राहिला ‘देखावा’. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष रूहानी यांच्या सरकारला चांगलं नाव हवं होतं, हे मान्य. वाद्यवृंदाचे संचालक अली रहबारी 2015 मध्ये परत आले आणि मार्चमध्ये बेथोव्हेनची नववी सिंफनी वाजली. करार झाला जुलैत. त्यानंतर नोव्हेंबरमध्ये जे घडलं ते या मजकुरात येतच नाही. तेहरानमधल्या एका आंतरराष्ट्रीय कुस्ती स्पर्धेत राष्ट्रगीत वाजवायला वाद्यवृंदाला बोलावलं होतं. ऐन वेळी निरोप आला, की बायका मंचावर चालणार नाहीत. नुसते पुरुष घेऊन वाजवता आलं असतं. रहबारींनी नकार दिला आणि सगळा वाद्यवृंद न वाजवता परतला. दिखाऊपणाच करायचा असता, तर याहून सोपी संधी कुठली? ज्या वादक स्त्रियांना त्या दिवशी उठवलं, त्यांनाच आपण इथे बसून सरकारचं बाहुलं म्हणायचं, याचा मला संताप येतो.

बंधनं संपलेली नाहीत. पुरुषांसमोर स्त्रीला एकटीने गायला आजही बंदी आहे. पण 2018च्या जानेवारीत त्याच वहदत सभागृहात नुझहत अमीरी यांनी पूर्ण वाद्यवृंदाचं संचालन केलं, समोर स्त्री-पुरुष वादक एकत्र बसलेले. त्या वेळी अणुकरार होऊन अडीच वर्षं उलटली होती.