वाड्यावरचे सात दिवे

यंदा चवथीला गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या आमच्या मूळ घरी माटोळी, म्हणजे गणपतीवरची फळाफुलांची मांडणी, बांधताना आम्ही अकरा जण होतो. पाचव्या दिवशी विसर्जन झाले, दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे आपापल्या वाटेने गेले आणि घरात ऐंशी वर्षांच्या काकी एकट्या उरल्या. मी एक रात्र अधिक थांबलो होतो. जेवणानंतर अंगणात उभा राहून पाहिले, तर वाड्यावरच्या, म्हणजे आमच्या वस्तीतल्या, एकोणीस घरांपैकी सातच घरांत दिवा होता. मतदारयादीत याच वाड्यावरची साठांहून अधिक नावे आहेत आणि गेली वीस वर्षे फोंड्यात राहणाऱ्या माझेही नाव त्यांतच आहे.

गोव्याची लोकसंख्या १९६० साली सुमारे ५ लाख ९० हजार होती. ती २०११ मध्ये १४ लाख ५८ हजारांवर गेली. मात्र २००१ ते २०११ या दहा वर्षांत ग्रामीण भागाची लोकसंख्या ६ लाख ७७ हजारांवरून ५ लाख ५२ हजारांपर्यंत उतरली. ही सगळी माणसे गाव सोडून गेली असे कुणी समजू नये, कारण याच काळात अनेक मोठी गावे जनगणनेच्या निकषांनुसार शहरे ठरली आणि तिथली माणसे जागची न हलता शहरी झाली. त्यामुळे आमच्यासारख्या लहान गावाचे खरे दुखणे या बेरजेत दिसतच नाही. साळावली धरणाखाली गेलेले कुर्डी गाव एका निर्णयाने उठले, आणि आजही मे महिन्यात पाणी ओसरले की तिथली माणसे सोमेश्वराच्या देवळापाशी जमतात. आमचे गाव कुणी उठवले नाही. एकाला वेर्ण्यात नोकरी लागली, दुसऱ्याने मुलांच्या शाळेसाठी वाळपईत खोली घेतली, २०१२ मध्ये खाणी थांबल्यावर ट्रक विकून तिसरा म्हापशाला गेला, आणि प्रत्येक जण शनिवारी येतो म्हणूनच गेला.

२०२१ ची लांबलेली जनगणना आता २०२७ मध्ये होत आहे. त्या वेळी घरोघरी काय सांगितले जाईल, याची मला मनापासून काळजी वाटते. काकींना मी विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, "सगळ्यांची नावे सांगणार. माणसे कमी दिसली तर मुक्कामाची गाडी बंद करतील." ही भीती खोटी नाही. गावातली प्राथमिक शाळा पटसंख्येपायीच बंद झाली आणि तिच्या व्हरांड्यात आता काजूच्या बिया वाळत घालतात. तरीही मला काकींचे म्हणणे पटत नाही. घरात तीन कर्ते पुरुष आहेत असे कागदावर दिसले, तर रक्तदाब तपासायला नर्सने घरी यावे, ही मागणी आपण कोणत्या तोंडाने करणार? जनगणनेत वयही लिहिले जाते. सात घरांत साठीच्या पुढची नऊ माणसे राहतात, हे एकदा सरकारी कागदावर आले की गाडी कुणासाठी हवी आणि ती किती वाजता हवी, हे पंचायतीला ठामपणे सांगता येईल. फुगवलेल्या आकड्यावर ते सांगता येणार नाही.

दुसरी चूक उलट बाजूची आहे आणि ती मला अधिक बोचते. आमच्या कुळागरात, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागेत, काम करणारे झारखंडचे एक जोडपे चार वर्षांपासून मागच्या पडवीत राहते, त्यांची मुलगी याच गावात चालायला शिकली, आणि काकींना रात्री ताप आला तेव्हा गाडी शोधायला धावली ती त्या मुलीची आई. गावकऱ्यांची नावे सांगताना या तिघांचे नाव कुणाच्याही तोंडी येत नाही, कारण ते "गावचे नव्हेत".

म्हणून मी काकींना सांगून आलो आहे की मोजणीला माणूस आला की माझे, माझ्या भावाचे आणि पुतण्यांचे नाव सांगू नये, आमची नोंद आम्ही राहतो तिथे होईल. पुढच्या घरात काकी एकट्या, आणि मागच्या पडवीत तिघे. काकी काहीच बोलल्या नाहीत. पडवीतल्या मुलीला हाक मारून त्यांनी तिचे पूर्ण नाव विचारून घेतले.