कोण पळतंय?

काल सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी पुण्यातल्या तळजाई टेकडीवर एका माणसाने माझा फोटो काढायला चक्क नकार दिला. त्याचा राग अजून गेलेला नाही. खरं तर त्यानंतर जे झालं त्याचा जास्त यायला हवा, पण रागाचं असं रांगेत उभं राहून होत नाही ना.

मागचं थोडक्यात सांगतो. रिपोर्टमध्ये तीन महिन्यांची साखर ६.१ आली. डॉक्टर म्हणाले डायबेटिस नाही, पण उंबरठ्यावर आहात, ५.७ ते ६.४ म्हणजे उंबरठाच, आठवड्याला १५० मिनिटं व्यायाम करा. बायकोने तिथल्या तिथे १५० भागिले ५ केलं आणि आम्ही घरी पोचेपर्यंत तिच्या मैत्रिणीने मला एका व्यायामाच्या व्हॉट्सॲप ग्रुपात टाकलं पण होतं. ग्रुपचं नाव सांगत नाही, नावात 'वॉरियर्स' आहे एवढं पुरे. दीडशे माणसं. त्यातली मी तिघांना ओळखतो: ही मैत्रीण, माझा एक मावसभाऊ आणि ऑफिसातला एक जण, जो ऑफिसात माझ्याशी बोलत नाही पण ग्रुपवर मला 'चॅम्प' म्हणतो. एक जण न्यू जर्सीचा आहे, आपण इथे रात्री भात कालवायला घेतला की तो बर्फात पळतानाचा फोटो टाकतो. घास घशाखाली उतरत नाही.

नवीन माणसाला 'काउच टू फाइव्ह के' करायला लावतात, म्हणजे काउचवरनं उठून पाच किलोमीटर पळण्यापर्यंत जायचं. आमच्याकडे काउच नाही, दिवाण आहे, पण ते जाऊ दे. १९९६ साली जॉश क्लार्क नावाच्या अमेरिकन माणसाने हा प्रोग्रॅम काढला, पन्नाशीच्या आईने पळायला लागावं म्हणून. (आपल्यात कुठल्या मुलाची पन्नाशीच्या आईला 'उठ, पळ' म्हणायची टाप आहे सांगा. कुकर कोण बघणार.) नऊ आठवड्यांचा प्रोग्रॅम, आठवड्यातनं तीन दिवस. पहिल्या आठवड्यात पाच मिनिटं चालायचं, मग साठ सेकंद पळायचं, नव्वद सेकंद चालायचं, असं वीस मिनिटं. वाचायला किती सोपं आहे. साठ सेकंद म्हणजे किती हे पळाल्याशिवाय कळत नाही, तिसऱ्या साठ सेकंदांत मला शाळेतले पीटीचे सर दिसले आणि ते हसत होते. सहा आठवडे झाले, मी अजून पहिल्याच आठवड्यात आहे.

पण माझी खरी तक्रार पळण्याबद्दल नाही. तक्रार पुराव्याबद्दल आहे. ग्रुपात रोज पुरावा लागतो. रात्री दहाला ॲडमिन मॅडम यादी टाकतात, पुरावा दिला त्याच्यापुढे हिरवी टिकली, नाही दिला त्याच्यापुढे लाल, आणि आठवड्यात तीन लाल झाल्या की वीस रुपये दंड, पुढच्या मॅरेथॉनच्या टीशर्ट फंडात. वर रोजची दहा हजार पावलं वेगळीच. हा दहा हजारांचा आकडा कुठनं आला माहितीये का? १९६५ साली जपानमध्ये एका कंपनीने पावलं मोजायचं यंत्र विकायला काढलं आणि त्याचं नाव ठेवलं 'मानपो-केई', म्हणजे दहा हजार पावलं मोजणारं. गोल आकडा, लक्षात राहतो, संपलं. आणि त्या जाहिरातीपायी मी रात्री पावणेबाराला बाहेरच्या खोलीत टीपॉयभोवती फेऱ्या मारतो, आई झोपेत विचारते, कोण आलंय रे. कधीकधी बातम्या बघत नुसता फोन हलवतो. करतो, कबूल आहे.

इतके दिवस मी बुटांचे फोटो टाकायचो. तळजाईच्या पायवाटेवर बूट, मागे गवत, छान दिसतं. पण गेल्या सोमवारी मॅडमचा मेसेज आला की काही सभासद एकाच दिवशी चार फोटो काढून ठेवतात आणि रोज एक टाकतात, कारण चारही फोटोंत बुटाशेजारी तोच चेपलेला ज्यूसचा ग्लास पडलेला आहे. नाव घेतलं नव्हतं. घ्यायची गरज नव्हती. यापुढे फोटो चेहऱ्यासकट आणि पळतानाचाच चालेल.

आता पळता पळता स्वतःचा फोटो कसा काढणार? म्हणून काल त्या बाकावरच्या काकांना विचारलं. पंचाहत्तरीचे असतील. माकडटोपी, स्वेटर, एका हातात कुत्र्यांना हाकलायला काठी आणि खिशात त्याच कुत्र्यांसाठी बिस्किटं. पायाशी तीन कुत्री, काठीकडे ढुंकूनही न बघता खिशाकडे डोळे लावून.

म्हणलं, "काका, एक फोटो काढता का प्लीज? पळतानाचा."

"कोण पळतंय?"

"मी."

त्यांनी मला बुटांपासून वरपर्यंत बघितलं. सावकाश. पोटापाशी जरा थांबले. "तुम्ही तर उभे आहात."

"नाही म्हणजे, मी पळल्यासारखा उभा राहतो, तुम्ही फक्त बटण दाबा."

"म्हणजे खोटा."

"खोटा कसा? आत्ताच पळून आलोय."

"कधी? मी साडेसहापासनं इथेच आहे. तुम्ही दोनदा गेलात समोरून. दोन्ही वेळा चालत. दुसऱ्यांदा तर फोनवर गीझरवाल्याशी भांडत होतात."

हे खरं होतं. गीझरवाला तीन दिवस 'निघालोय' म्हणतोय.

"अहो काका, काढा ना, दोन सेकंदांचं काम आहे."

"कामाचं नाही हो. मी पस्तीस वर्षं ऑफिसात मस्टर सांभाळलंय. साहेबाच्या मेव्हण्याची हजेरी लावा म्हणून खुद्द साहेब माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले होते. नाही लावली. न आलेल्या माणसाची हजेरी मी लावत नाही." मग एकदम चौकशीच्या सुरात, "दाखवायचाय कोणाला?"

"ग्रुप आहे आमचा. दीडशे लोक."

"सगळे ओळखीचे?"

"तिघे."

"मग बाकीच्या एकशेसत्तेचाळीस जणांना काय करायचंय तुम्ही पळालात का बसलात ते?"

"मोटिव्हेशन मिळतं काका त्याने."

"कोणाला?"

मी गप्प. एक कुत्रं जांभई देऊन माझ्याकडे बघायला लागलं.

"असं करा," काका म्हणाले, "त्या कडुलिंबापासून पळत या. येताना काढतो. किती पळायचं असतं?"

"साठ सेकंद."

"मग साठ मोजतो. बाकापाशी लवकर पोचलात तर परत फिरायचं."

मी सेहेचाळीस वर्षांचा आहे, गृहकर्ज आहे, हाताखाली सहा माणसं आहेत. तरी मी गेलो कडुलिंबापाशी. काकांनी काठी वर केली आणि ओरडले, "हां!" आणि मोजायला लागले, मोठ्याने, येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकू जाईल असं. एक. दोन. तीन. सेकंद असे नसतात हो, हे विलंबित लयीतले सेकंद होते. मी बाकापर्यंत आलो, परत फिरलो, परत आलो. तेविसाला त्यांचे कोणी ओळखीचे भेटले. "काय, आले का जावई?" जावई रात्रीच आले होते, पण बॅग गाडीतच राहिली, मग ती कोणी आणून दिली हे सगळं झालं, तोपर्यंत माझ्या दोन फेऱ्या, आणि मग काका वळून म्हणाले, "कुठे होतो? एकवीस."

एकवीस!

तिन्ही कुत्री आता माझ्याबरोबर पळत होती. चाळिसाच्या आसपास काकांनी माझा फोन डोळ्यासमोर धरला. साठ झाले तेव्हा मी बाकावर नाही, बाकाच्या शेजारी जमिनीवर बसलो होतो. काकांनी फोन दिला, म्हणाले, "आठ-दहा निघालेत बघा, बटण जरा अडकलं होतं." घाम डोळ्यांत गेला होता, काही दिसत नव्हतं, मी अंदाजाने शेवटचा फोटो ग्रुपवर टाकला आणि आडवा झालो.

गाडीत येऊन बघतो तर कॅमेरा पुढचा चालू राहिलेला. फोटोत मी नव्हतोच. काका होते, जवळून. माकडटोपी, भिवया, नाकपुड्या, उघडं तोंड, बहुतेक 'त्रेचाळीस' म्हणतानाचं.

आणि खाली बासष्ट टाळ्या.

'ग्रेट काका!' 'एज इज जस्ट अ नंबर!' न्यू जर्सीचा म्हणाला, 'डोळ्यांत पाणी आलं.' ऑफिसातल्याने, जो माझ्यापासून चार टेबलं सोडून बसतो, त्याने 'सुपर्ब चॅम्प' लिहिलं होतं. मावसभावाने नमस्कार टाकला होता. सख्खा मावसभाऊ, माझ्या लग्नात अक्षता वाटत होता. ॲडमिन मॅडमनी लगेच हिरवी टिकली दिली आणि विचारलं, 'सर, आधी का नाही सांगितलं, तुम्हाला सत्तर प्लसमध्ये घेऊ ना?'

माझ्या डीपीला गणपती आहे हे मान्य. पण सहा आठवडे मी रोज तिथे गुड मॉर्निंग, वेल डन, कीप इट अप करतोय, टीशर्ट फंडात साठ रुपये भरलेत. माझ्या बुटाशेजारचा ज्यूसचा ग्लास ह्यांनी चार फोटोंत ओळखला. मला नाही ओळखलं. पहिला दंड भरला तेव्हा चिडलो होतो, पण हे वेगळंच लागलं. बायकोला फोटो दाखवला तर ती इतकी हसली की ठसका लागला, आणि वर म्हणते, टोपी घातलीस तर पुढेमागे असाच दिसशील.

आज सकाळी काका तिथेच. लांबूनच काठी वर करून, "काय, लागली का हजेरी?"

सगळं सांगितलं. त्यांनी स्वतःचा फोटो बराच वेळ बघितला, माझा फोन लांब धरून, जवळ धरून. मग विचारलं, "नाव कोणाचं आहे यादीत?"

"माझं."

"पळालं कोण?"

"मीच."

"मग बरोबर आहे की. मस्टरला कुठे फोटो असतो?" आणि एक बिस्किट काढून अर्धं कुत्र्याला घातलं, अर्धं मला देऊ केलं. घेतलं नाही. साखर.

मॅडमनी मला सत्तर प्लसच्या ग्रुपात टाकलंय. तिथे संध्याकाळी पाच वाजता खुर्चीत बसून हात वर करायचे आणि घोटे फिरवायचे असतात, पुरावा कोणी मागत नाही, दंड नाही. गुडघेदुखीवर चर्चा चांगली चालते, मलाही दोन गोष्टी सांगता आल्या. ग्रुप सोडणार आहे मी, म्हणजे चूक दुरुस्त करायलाच हवी. फक्त पहाटे पावणेपाचपासून फुलांचे फोटो यायला लागतात, चाळीस चाळीस, ते तेवढं म्यूट कसं करायचं ते बघतोय.