फ्लूच्या लशीबाबत फिरणाऱ्या संदेशाविषयी खुलासा

‘फ्लूची लस घेतल्यानेच फ्लू होतो आणि ती फक्त खासगी दवाखान्यात महागड्या दरात मिळते’ असा संदेश सध्या अनेक गटांत फिरत आहे. त्यातील दोन्ही विधाने चुकीची आहेत.

इंजेक्शनने दिल्या जाणाऱ्या या लशीत निष्क्रिय केलेला विषाणू किंवा त्याचे अंश असतात, त्यामुळे तिच्यातून फ्लूचा संसर्ग होऊच शकत नाही. दंड दुखणे किंवा एक-दोन दिवस कणकण जाणवणे ही शरीराची प्रतिक्रिया असते. संरक्षण तयार व्हायला सुमारे दोन आठवडे लागतात; त्या काळात बाहेरून संसर्ग झाला, तर दोष लशीवर येतो, आणि बहुधा या गैरसमजाचे मूळ तिथेच आहे. विषाणू सतत बदलत असल्याने जागतिक आरोग्य संघटना लशीच्या घटकांची शिफारस वर्षातून दोनदा करते, म्हणून लसही दरवर्षी घ्यावी लागते.

खर्चाबाबत सांगायचे, तर महाराष्ट्रात 2015 पासून गर्भवती, मधुमेह वा उच्च रक्तदाब असलेल्या व्यक्ती आणि आरोग्य कर्मचारी यांना शासकीय रुग्णालयांत ही लस मोफत देण्याचे धोरण आहे. साठा नेहमीच असतो असे नाही, त्यामुळे आधी चौकशी करावी. पावसाळ्यात रुग्ण वाढतात; लस त्यापूर्वी घेतलेली बरी. लस घेतली तरी खोकताना तोंड झाकणे, हात धुणे आणि ताप असताना घरी थांबणे आवश्यकच आहे.

गर्भवतींना या आजाराची गुंतागुंत होण्याचा धोका अधिक असतो आणि हा संदेश त्यांच्यापर्यंतही पोहोचत आहे. कृपया तो पुढे पाठवू नये, आणि पाठवला असल्यास त्याच गटात हा खुलासा द्यावा.