‘सहकुटुंब सहपरिवार’ चुकीचं नाही, आणि माझी वहिनीही चुकली नव्हती

गेल्या आठवड्यात घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर माझ्या चुलत वहिनीने लिहिलं, “बाबांना परत पुन्हा ताप आला. मी दवाखान्यात घेऊन जाऊन राहिली.” बाबा म्हणजे तिचे सासरे, माझे मोठे काका. त्यावर पहिलं उत्तर आलं ते तापाबद्दल नव्हतं. “परत आणि पुन्हा एकच, एक शब्द काढा. ‘जात आहे’ असं लिहा.” आणि त्याखाली तो लांबलचक मजकूर, जो सध्या ग्रुपाग्रुपांतून फिरतो आहे.

त्यात म्हटलंय की कागदपत्र, बाजारहाट, धनदौलत, सहकुटुंब सहपरिवार, पिवळा पीतांबर, गाईचं गोमूत्र, पिन कोड हे सगळे ‘डबल शब्द’ आहेत, एकच अर्थ दोनदा सांगतात, म्हणून चूक. ‘केलं, गेलं’ हे अशुद्ध. आणि मराठी आता अभिजात झाली आहे, तेव्हा चूक दिसेल तिथे, सर्वांसमोर, ताबडतोब सुधारा.

मी मुद्रितशोधनाचं काम करते. शब्दांवर फुली मारणं हा माझा रोजचा उद्योग आहे, आणि तरीही, किंबहुना म्हणूनच, हा मजकूर वाचून माझा संताप झाला.

कागदपत्रापासून सुरू करू. ‘कागद’ फारसीतून आला, ‘पत्र’ संस्कृतातून, म्हणून एक काढा म्हणे. काढून बघा. “तलाठ्याकडे जाताना सगळी कागदपत्रं ने.” यातला ‘कागद’ काढला तर उरतात पत्रं, म्हणजे टपाल. ‘पत्र’ काढलं तर कोरे कागदही चालतील. सातबारा, फेरफार, आधारची प्रत, खरेदीखत हे सगळं मिळून जे होतं त्याला मराठीत कागदपत्रं म्हणतात, आणि तो अर्थ या दोन शब्दांपैकी एकट्याकडे नाही. शाळेत अभ्यस्त शब्द, म्हणजे सारख्या किंवा जवळच्या अर्थाच्या शब्दांच्या जोड्या, शिकवतात ते हेच. शतकानुशतकं दरबारात फारसी आणि घरात मराठी नांदली, त्या शेजारातून बाजार-हाट, धन-दौलत, रीत-रिवाज, थट्टा-मस्करी अशा जोड्या जुळल्या. प्रत्येक निविदेत छापलेल्या ‘अटी व शर्ती’सुद्धा याच पंगतीतल्या. आणि दोनदा म्हणण्यानेच अर्थ बदलतो हे तर पहिलीतल्या पोरालाही कळतं: “मुलांना दोन लाडू दिले” आणि “मुलांना दोन-दोन लाडू दिले” यांत किती लाडू गेले ते मोजावं.

सगळ्यात हास्यास्पद मुद्दा सहकुटुंब सहपरिवाराचा. आमच्याच नात्यातल्या एका मुलीच्या लग्नपत्रिकेवरून या मजकुरामुळे वाद झाला. छापायला गेलेली पत्रिका थांबवून एक शब्द काढायला लावला. ज्यांनी काढायला लावला त्यांनी आयुष्यात कितीतरी सत्यनारायण केले असतील. पूजेला बसल्यावर गुरुजी हातावर पाणी सोडायला लावतात, त्या संकल्पातले शब्द कधी कान देऊन ऐकावेत: “अस्माकं सकुटुंबानां सपरिवाराणां द्विपदचतुष्पदसहितानां क्षेमस्थैर्य...” कुटुंब वेगळं, परिवार वेगळा, आणि त्यापुढे दोन पायांचे, चार पायांचे, म्हणजे गोठ्यातली गुरंसुद्धा वेगळी मोजलेली. परिवार म्हणजे घराभोवतीची माणसं, आश्रित, नोकरचाकर. आणि कुटुंब? जुन्या मराठीत कुटुंब म्हणजे बायको. “आमच्या कुटुंबाला बरं नाही” असं म्हणणारी पिढी फार जुनी नाही. तेव्हा पत्रिकेतल्या त्या दोन शब्दांचा साधा अर्थ असा की बायकोलाही आणा आणि घरच्या बाकी सगळ्यांनाही आणा. बायकांनी घरीच थांबायचं अशा काळात पहिल्या शब्दाला वजन होतं. आज कुणाला दोन्ही सारखेच वाटत असतील तर त्याने आपल्या पत्रिकेत एकच छापावा. पण चूक कुठली? जे संकल्पात शेकडो वेळा उच्चारलं, ते पत्रिकेत आलं की अशुद्ध होतं?

पिवळा पीतांबर आणि गाईचं गोमूत्र यांत थोडं खरं आहे, ते मला मानावं लागेल. गोमूत्रात गाय आहेच. पीतांबराचं मात्र तितकं सरळ नाही. तो शब्द आता रेशमी सोवळ्याचं नाव झाला आहे, लाल पीतांबरही नेसतात, त्यामुळे रंग सांगावा लागतो. खरोखर खटकणाऱ्या जागा दुसऱ्याच आहेत आणि त्या मजकुरात नाहीत: बातम्यांतलं “सर्वात सर्वोत्कृष्ट”, “पुन्हा पुनरुच्चार केला”. हे मी प्रुफात रोज खोडते. ‘सर्वोत्कृष्ट’मध्ये सर्व आधीच बसलेले आहेत.

पिन कोडबद्दल फार लिहीत नाही. पिन म्हणजे पोस्टल इंडेक्स नंबर, तेव्हा पुढे ‘कोड’ नको, असा दावा. ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाली आणि ती आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर संस्कृतचे कवी होते. टपाल खातं आजही पिनकोडच लिहितं. नुसतं “पिन सांगा” म्हटलं तर एटीएमचा गुप्त आकडाही पिनच असतो, म्हणून पुढचा शब्द लागतो.

‘केलं, गेलं’ अशुद्ध? मराठी साहित्य महामंडळाचे लेखनाचे नियम आहेत, १९६२ चे चौदा आणि १९७२ ला जोडलेले चार. बोलण्यातलं “असं केलं” लिहिताना शेवटी अनुस्वार द्यावा, हे त्याच नियमांत आहे. औपचारिक लेखनात ‘केले’ लिहावं, एवढंच. या अठरांपैकी एकाही नियमात ‘डबल शब्द’ टाळा असं म्हटलेलं नाही. ते नियम अनुस्वार, ऱ्हस्व-दीर्घ आणि रूपांचे आहेत. शुद्धतेचा हा फतवा काढणाऱ्याने स्वतः पहिल्याच ओळीत ‘शुध्द’ लिहिलंय, ‘ध’ला ‘द’ जोडून. हवं ते ‘शुद्ध’.

आता शेवटची ओळ, सर्वांसमोर सुधारा. खरं नुकसान ही ओळ करते.

माझी वहिनी अमरावतीकडची. “जाऊन राहिली” हे वऱ्हाडी आहे, क्रिया आत्ता चालू आहे असं सांगणारं तिथलं नेमकं, नियमात बसणारं रूप. त्याच अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरशी महानुभाव पंथाचं नातं आहे, तेराव्या शतकात तिथे लीळाचरित्र, म्हणजे चक्रधरस्वामींच्या आठवणींचा ग्रंथ, सिद्ध झालं, आणि मराठी गद्याचा इतिहास तिथून सुरू होतो. मराठी भाषा विद्यापीठ त्याच रिद्धपुरात उभं राहिलंय. ३ ऑक्टोबर २०२४ ला केंद्राने अभिजात दर्जा दिला, तो असल्या जुन्या ग्रंथांच्या बळावर. त्याच दर्जाचं नाव घेऊन तिकडच्या बाईला “नीट मराठी लिही” म्हणणं हा त्या भाषेचाच अपमान आहे.

आणि ‘परत पुन्हा’? ताप एकदा उतरून आला की ‘परत आला’. औषध दिलं, उतरला, तरीही आला, की रात्रभर जागलेलं माणूस ‘परत पुन्हा’ म्हणतं. तिच्या थकव्याची खबर त्या दुसऱ्या शब्दात होती आणि आपण नेमका तोच खोडायला सांगितला.

त्या दिवसानंतर वहिनी ग्रुपवर लिहीत नाही. हात जोडल्याचं चिन्ह टाकते, बस. काकांच्या गोळ्या बदलल्या हे आम्हाला उशिरा कळलं. तिने विचारलं ते मला फोन करून, “ताई, मी तिथं कसं लिहू?” याला मराठी वाचवणं म्हणायचं?

दुरुस्ती जरूर करा. पाठ्यपुस्तकात, सरकारी फलकावर, वर्तमानपत्रात चूक दिसली तर संपादकाला, कार्यालयाला लिहा. त्यांचं ते काम आहे, आणि तिथली चूक हजारो लोक वाचतात. घरच्या माणसाने औषधाचं नाव, तारीख किंवा खाते क्रमांक चुकीचा लिहिला तर लगेच सांगा, शक्यतो एकट्याला. बाकी त्याने कसं लिहिलं यापेक्षा काय लिहिलं त्याला आधी उत्तर द्या. हा मजकूर तुमच्याकडे आलाच तर पुढे ढकलू नका, आणि ज्याने पाठवला त्याला ‘सकुटुंबानां सपरिवाराणां’ एवढे दोन शब्द उत्तरादाखल पाठवा.